मानसोपचारासाठी रुग्णाला किती लांब जावं लागतं, हे मोजतात कसं? शिरवळच्या नकाशावरून समजून घ्या

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, ही सरकारची जबाबदारी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये हे स्पष्ट नमूद केलेलं आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला.

पण 'लांब' म्हणजे किती? दहा किलोमीटर, पन्नास किलोमीटर, की दोन तास? कायद्यात याचा आकडा नाही. आकडा नसला की तक्रारही करता येत नाही आणि कामही तपासता येत नाही. त्यामुळे हे अंतर कसं मोजायचं, हा प्रश्न फक्त संशोधकांचा राहत नाही. घरात एखाद्या रुग्णाची औषधं सुरू असलेल्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

थोडक्यात

- अंतर चार प्रकारे मोजतात: सरळ रेषा, रस्ता, वेळ आणि खर्च. चारही उत्तरं वेगवेगळी येतात.
- मानसिक आजारात एक फेरी पुरत नाही, म्हणून वर्षभराच्या फेऱ्या धरून मोजावं लागतं.
- दवाखान्याच्या नोंदवहीत फक्त पोहोचलेले रुग्ण दिसतात. न पोहोचलेले दिसत नाहीत.
- कायद्यातली व्यवस्था जिल्ह्यानुसार आहे, रुग्णाचा प्रवास मात्र रस्त्यानुसार होतो. शिरवळसारख्या सीमेवरच्या गावात हा फरक ठळक दिसतो.

अंतराने असा काय फरक पडतो?

या प्रश्नाचा पहिला गाजलेला हिशोब १८५० सालचा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनी मनोरुग्णालयांत दाखल होणारे रुग्ण कुठून येतात, हे तपासलं. रुग्णालयाजवळच्या भागातून लोकसंख्येच्या मानाने जास्त रुग्ण येत होते आणि अंतर वाढेल तसं प्रमाण घटत होतं. लांबच्या गावांत आजार कमी होता असं नाही, तिथल्या लोकांना पोहोचणं जमत नव्हतं. आरोग्यसेवेच्या अभ्यासात हा निष्कर्ष पुढे 'जार्विसचा नियम' म्हणून ओळखला जाऊ लागला.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. उपचार घेणाऱ्या कुटुंबांचा उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर महिन्याला साधारण एक ते दीड हजार रुपये खर्च होत असल्याचंही त्यात नोंदवलं आहे.

उपचार न घेण्याची कारणं अनेक असतात: आजार ओळखू न येणं, लोक काय म्हणतील ही भीती, पैसे, तज्ज्ञांची कमतरता. अंतर हे त्यांपैकी एकच कारण. पण बाकीच्या प्रत्येक कारणाला ते आणखी जड करतं. मनात आधीच धाकधूक असलेला माणूस शेजारच्या गल्लीत कदाचित जाईल, साठ किलोमीटर जाणार नाही.

उदाहरण म्हणून शिरवळच का?

शिरवळ सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर, नीरा नदीच्या काठी आहे. नदीचा पूल ओलांडला की सारोळे, म्हणजे पुणे जिल्ह्याचा भोर तालुका. गावात औद्योगिक वसाहत आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रेल्वे नाही. त्यामुळे सगळी भिस्त रस्त्यावर.

इथल्या रुग्णापुढे दोन दिशा असतात. दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर सातारा. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय आहे. उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर पुणे. तिथे ससून रुग्णालय आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत आणि शहराच्या पलीकडच्या बाजूला येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मंजूर खाटा २५४० असलेलं हे मनोरुग्णालय राज्यातलं सर्वांत मोठं. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यात दीर्घकाळ अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं राहिली आहेत.

व्यसनमुक्तीसाठीही याच दोन दिशा. साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेचं काम आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं 'मुक्तांगण' आहे.

थोडक्यात, शिरवळचा जिल्हा सातारा आहे, पण किलोमीटरने पुणे जवळ आहे.

अंतर मोजण्याच्या चार पद्धती

१. सरळ रेषा. नकाशावर दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं अंतर. हजारो गावांचा हिशोब एकदम करायचा असेल तर ही पद्धत सोपी आणि स्वस्त. पण रुग्ण पक्ष्यासारखा उडत जात नाही. शिरवळ आणि सातारा यांच्यामध्ये खंबाटकीचा घाट आहे, तो या रेषेला दिसत नाही. सरळ रेषेत हे अंतर पन्नासच्या आसपास येतं, रस्त्याने साठच्या आसपास. महामार्गावरच्या गावात फरक एवढाच राहतो. डोंगराआडच्या किंवा धरणापलीकडच्या गावांत तो दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो.

२. रस्त्याचं अंतर. फोनवरचा नकाशा दाखवतो ते हे. सरळ रेषेपेक्षा खरं, तरीही अपुरं. खंडाळा तालुक्यातच सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव आहे. तिथल्या रुग्णाला आधी महामार्गापर्यंत यावं लागतं, मग पुढची गाडी. नकाशा या दोन तुकड्यांची बेरीज करून देतो, मधे गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही.

३. वेळ. आरोग्यसेवेच्या अभ्यासात आता ही पद्धत जास्त वापरली जाते. पण वेळ कोणत्या वाहनाचा? स्वतःची चारचाकी असणाऱ्याचा आणि एसटीने जाणाऱ्याचा वेळ एक नसतो. जाण्याचा आणि येण्याचाही नसतो. खंबाटकीत वर्षानुवर्षं साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढून गेली आहेत आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून आली आहेत. पुण्याच्या बाजूला नवले पूल आणि कात्रज भागातली कोंडी सकाळी एक हिशोब दाखवते, दुपारी दुसरा. त्यामुळे ओपीडी सकाळची असेल तर वेळही सकाळचीच धरायला हवी.

४. खर्च. तिकीट, रिक्षा, बाहेरचं जेवण आणि बुडालेला रोज. औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला एक सुट्टी म्हणजे एका दिवसाची मजुरी. इथे अंतर एकच असूनही खर्च माणसागणिक बदलतो. राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. नवरा-बायको मिळून गेले तर जाण्यायेण्याचा खर्च तीन पूर्ण तिकिटांइतका, दोन भाऊ गेले तर चार तिकिटांचा.

एक फेरी नाही, वर्षभराच्या फेऱ्या

हाड मोडलं तर काही फेऱ्यांत काम होतं. मानसिक आजाराचं तसं नाही. अनेक आजारांत औषधं महिनोन् महिने चालतात, मात्रा कमी-जास्त करावी लागते, मधेच बंद केली तर आजार उलटतो. समुपदेशन असेल तर सुरुवातीला दर आठवड्यालाही जावं लागू शकतं. म्हणून इथे एकेरी अंतरापेक्षा वर्षाचं अंतर जास्त बोलकं ठरतं.

हिशोब सोपा आहे: एकेरी अंतर गुणिले दोन, गुणिले वर्षातल्या फेऱ्या, गुणिले जाणारी माणसं.

शिरवळहून साताऱ्याला महिन्यातून एकदा जाणाऱ्या रुग्णाचे वर्षाला १४४० किलोमीटर होतात. सोबत घरचं एक माणूस असेल, आणि बहुतेक वेळा ते असतंच, तर दोघांचे मिळून २८८०. पुण्याला दर आठवड्याला समुपदेशनासाठी एकट्याने जायचं ठरवलं तर वर्षाला ५२०० किलोमीटर. 'साठ किलोमीटर तर आहे' या वाक्याचा अर्थ या बेरजेनंतर बदलतो.

औषध मधेच सोडणाऱ्या रुग्णाला 'बेफिकीर' म्हणण्याआधी ही बेरीज करून पाहायला हवी.

कुठपर्यंतचं अंतर: जवळच्या केंद्राचं की प्रत्यक्ष गेलेल्या?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत फार वेळा होते.

पहिला प्रश्न: सर्वांत जवळची सेवा किती लांब आहे? याला फक्त नकाशा आणि केंद्रांची यादी पुरते.

दुसरा प्रश्न: रुग्ण खरोखर किती लांब गेला? यासाठी रुग्णाचा पत्ता आणि दवाखान्याचा पत्ता दोन्ही लागतात.

दुसरं अंतर बहुधा जास्त निघतं, कारण माणसं जवळचं केंद्र ओलांडून पुढे जातात. कधी चांगल्या डॉक्टरचं नाव ऐकलेलं असतं, कधी जवळच्या ठिकाणी औषध मिळत नाही. मानसिक आजारात आणखी एक कारण असतं: ओळखीचं कुणी भेटू नये. लग्नाची मुलगी असलेलं घर तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात बसण्यापेक्षा पुण्याला जाणं पसंत करतं. हे लांबचं अंतर गैरसोयीचं आहे, पण ते निवडलेलंही आहे. त्यामुळे लांब गेलेला प्रत्येक रुग्ण सेवेअभावीच गेला, असं धरता येत नाही. दोन्ही अंतरं शेजारी मांडली तरच चित्र समजतं.

पत्त्यातल्या गमती आणि चुका

रुग्णांच्या खासगीपणासाठी संशोधकांना बहुधा पूर्ण पत्ता दिला जात नाही, फक्त पिन कोड मिळतो. शिरवळचा पिन ४१२८०१. सातारा शहराचे पिन ४१५ ने सुरू होतात आणि ४१२ हे आकडे पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही आहेत. पिनचे पहिले तीन आकडे पाहून जिल्हा ठरवणारा हिशोब शिरवळ, खंडाळा आणि वाईच्या रुग्णांना सहज पुणे जिल्ह्यात टाकू शकतो. मग साताऱ्याच्या उत्तर टोकाची अडचण साताऱ्याच्या आकड्यांत दिसतच नाही.

दुसरी गल्लत नावाची. पत्त्यात नुसतं 'खंडाळा' लिहिलं तर संगणक लोणावळ्याजवळचं खंडाळा उचलू शकतो.

तिसरी अडचण औद्योगिक गावांची. बाहेरून आलेल्या कामगाराच्या आधार कार्डावर पत्ता मूळ गावाचा असतो. केसपेपरवर तोच उतरला तर तो रुग्ण शेकडो किलोमीटरवरून आल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वसाहतीजवळच्या खोलीतून आलेला असतो.

सरासरी का फसवते?

समजा, एका दवाखान्यात नऊ रुग्ण आले. त्यांची अंतरं २, ३, ३, ४, ५, ६, ८, ६० आणि ११० किलोमीटर. सरासरी २२ किलोमीटरच्या थोडी वर येते. पण २२ किलोमीटरवरून एकही रुग्ण आलेला नाही. सात जण आठ किलोमीटरच्या आतले आहेत आणि दोघं फार लांबचे.

म्हणून अशा हिशोबात मध्यक सांगतात, म्हणजे रांगेतला बरोबर मधला आकडा. इथे तो ५. पण मध्यकही एकटा पुरत नाही, कारण त्यात ते लांबचे दोघं हरवतात. त्यामुळे सोबत तिसरा आकडा द्यावा लागतो: ठरावीक अंतरापलीकडून किती जण आले? इथे नऊपैकी दोन जण ३० किलोमीटरपेक्षा लांबून आले. धोरणासाठी सर्वांत उपयोगाचा आकडा बहुधा हाच असतो.

नोंदवहीत नसलेले रुग्ण

वरचे सगळे हिशोब आलेल्या रुग्णांचे आहेत. जो कधी घराबाहेरच पडला नाही, त्याचं अंतर कुठेच नोंदलं जात नाही. जो देवऋषाकडे गेला आणि तिथेच थांबला, त्याचंही नाही.

यातून एक उलटा निष्कर्ष निघू शकतो. एखाद्या दवाखान्यातल्या रुग्णांचं मध्यक अंतर कमी असेल, तर 'सेवा जवळ आहे' असं वाटतं. खरं कारण असं असू शकतं की लांबचे लोक यायचेच थांबले आहेत. म्हणून नुसतं अंतर पाहून चालत नाही. प्रत्येक गावातून लोकसंख्येच्या मानाने किती जण आले, हेही पाहावं लागतं. जार्विस यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

जवळ आहे, पण पुरेसं आहे का?

दवाखाना जवळ असला आणि तिथल्या एका तज्ज्ञावर लाखो लोकांचा भार असला, तर ते जवळ असणं कागदावर राहतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात दर लाख लोकांमागे सरासरी ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ होते. अपेक्षित प्रमाण तीनच्या आसपास मानलं जातं.

हा भार अंतरात मिसळण्याची एक पद्धत २००३ पासून जगभर वापरली जाते. तिच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत प्रत्येक दवाखान्यापासून, समजा, एका तासाच्या टापूत किती लोक राहतात ते मोजून तज्ज्ञांचं प्रमाण काढतात. दुसऱ्या पायरीत एखाद्या गावाला तासाभरात जे जे दवाखाने गाठता येतात, त्यांची प्रमाणं मिळवतात.

कल्पित उदाहरण घेऊ. एका दवाखान्यात एक तज्ज्ञ, टापूत चार लाख लोक: प्रमाण लाखामागे ०.२५. दुसऱ्या शहरात २० तज्ज्ञ, टापूत दहा लाख: प्रमाण २. ज्या गावाला दोन्ही गाठता येतात त्याचा आकडा २.२५. ज्याला फक्त पहिला गाठता येतो त्याचा ०.२५. अंतर दोघांचं सारखं दिसलं तरी सेवा नऊपट कमी-जास्त.

यात वारही धरावा लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातलं पथक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी येतं. त्या दिवशी तज्ज्ञ तालुक्यात असतो, इतर दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी. रुग्णासाठी अंतर वारानुसार बदलतं. पथकाचा दिवस कोणता हे गावात माहीत नसेल, तर जवळ आलेली सेवाही लांबच राहते.

आकडा ठरवलेला देश

अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज या योजनेत सरकारने अशी मर्यादा ठरवून दिली आहे. लोकसंख्या आणि तिची घनता यांनुसार भागांचे पाच प्रकार पाडले आहेत. प्रत्येक प्रकारासाठी मानसोपचारतज्ज्ञासह विविध सेवांची कमाल मिनिटं आणि कमाल मैल दिले आहेत. मोठ्या शहरी भागांत किमान ९० टक्के सभासद आणि विरळ भागांत किमान ८५ टक्के सभासद त्या मर्यादेत असावे लागतात. डोंगराळ, विरळ भागाला वेगळी मोजपट्टी दिली, पण आकड्याशिवाय कुणालाच सोडलं नाही.

आपल्या कायद्यात मोजपट्टी जिल्ह्याची आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्य सेवा असावी आणि ती नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा, असं कलम १८ सांगतं. जिल्ह्याच्या मध्यावर राहणाऱ्याला हे सोयीचं आहे. शिरवळसारख्या टोकाच्या गावात जिल्ह्याची सेवा एका दिशेला आणि किलोमीटरने जवळचं शहर दुसऱ्या दिशेला पडतं. जिल्ह्याच्या आकड्यात ही अडचण बसत नाही.

अंतर कमी कसं करता येतं?

तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित कार्यकर्ता गावात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी जनजागृती आणि प्राथमिक मानसिक मदत केली आणि गंभीर रुग्णांना तज्ज्ञांशी जोडून दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के आढळलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषध जवळ. निदान एकदा लांब जाऊन झालं तरी दर महिन्याचं औषध जवळ मिळालं तर वर्षाच्या बहुतेक फेऱ्या वाचतात. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावीत, अशी तरतूद कलम १८ मध्येच आहे.

फोन. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. बोलण्यासाठी, पहिल्या सल्ल्यासाठी आणि पुढे कुठे जायचं हे कळण्यासाठी प्रवासाची गरज राहत नाही. दाखल करणं, प्रत्यक्ष तपासणी आणि काही औषधं यांसाठी मात्र जावंच लागतं.

तातडीच्या वेळी. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो. रुग्णाला सर्वांत जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेण्याची तरतूदही या उपचारांत आहे. अशा वेळी शिरवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं गावातलं केंद्र हाच पहिला टप्पा ठरतो.

आपल्या गावाचं अंतर मोजायचं असेल तर

१. सर्वांत जवळचं सरकारी केंद्र शोधा, जिथे मानसोपचारतज्ज्ञ खरोखर बसतो. नुसती पाटी धरू नका.
२. त्याचा वार आणि वेळ लिहा.
३. घरापासून दारापर्यंतचा एकूण वेळ मोजा: चालणं, वाट पाहणं, गाडी, रिक्षा, रांग.
४. दोन माणसांचा पूर्ण खर्च काढा, बुडालेल्या मजुरीसह.
५. वर्षातल्या फेऱ्यांनी गुणा.

ग्रामसभेत किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे 'आमच्या गावाला सोय नाही' असं सांगितलं तर उत्तरही मोघम मिळतं. 'एका रुग्णामागे वर्षाला २८८० किलोमीटर आणि बारा बुडालेले दिवस' असं लिहून दिलं, तर महिन्यातून एक दिवस पथक तालुक्याला आणल्याने त्यातले किती वाचतील, हे त्याच कागदावर मांडता येतं.